फाइली वाचल्या, संगणक गेला

पुण्यात बिघडलेला लॅपटॉप दुरुस्तीला नेला की काउंटरवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डेटा घेऊन ठेवलाय ना? मग फॉरमॅट मारतो." बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जा, टिळक रस्त्यावर जा, नाहीतर कोथरूडच्या एखाद्या गाळ्यात. आपण मान डोलावतो. फोटो, पीडीएफ, एक्सेलच्या फाइली पेन ड्राइव्हवर उतरवलेल्या असतात. संध्याकाळी यंत्र परत मिळतं ते नव्यासारखं चपळ असतं, पण त्यावर रोजचं काम काही होत नाही. प्रिंटर ओळखला जात नाही, डिजिटल सहीचं टोकन चालत नाही, आणि पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या सॉफ्टवेअरची चावी कुठल्या ईमेलमध्ये आली होती ते आठवत नाही.

सर्वांत मोठा फटका बसतो तो डीटीपीवाल्यांना. नारायण पेठ, सदाशिव पेठ, अप्पा बळवंत चौक या भागातला छपाईचा धंदा वर्षानुवर्षं पेजमेकर आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी यांच्या जोडीवर चालला. जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर युनिकोड नसतो. 'क' या अक्षराच्या जागी फाइलमध्ये प्रत्यक्षात भलताच संकेत साठवलेला असतो आणि त्याला 'क'चं रूप देण्याचं काम तो फॉन्ट करतो. पुस्तकाच्या फाइली जपून ठेवल्या आणि फॉन्ट, कीबोर्डची मांडणी, पोर्टला लावायच्या हार्डवेअर लॉकचा ड्रायव्हर हे सगळं फॉरमॅटमध्ये गेलं, तर तीनशे पानांचं पुस्तक उघडल्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसते. फाइल शाबूत आहे, मजकूर वाचता येत नाही.

याच्या उलटही एक कोडं आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची म्हणून कुणी हौशी माणूस सी ड्राइव्हमधलं सगळं निवडतो आणि नव्या एसएसडीवर कॉपी करतो. रात्रभर कॉपी चालते, जीबींचा आकडा जवळपास जुळतो. एसएसडी बसवून बटण दाबलं की काळा पडदा येतो : सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही. सगळं तर घेतलं होतं, मग मागे काय राहिलं?

अक्षर नसलेले कप्पे

ज्या डिस्कवर विंडोज बसवलेलं असतं तिला सिस्टीम ड्राइव्ह म्हणतात. आपल्याला दिसणारा 'सी' हा त्या डिस्कचा एक कप्पा, म्हणजे पार्टिशन. विंडोज १० किंवा ११ असलेल्या बहुतेक यंत्रांत त्याच डिस्कवर आणखी दोन-तीन छोटे कप्पे असतात. त्यांना अक्षर दिलेलं नसतं, म्हणून ते फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाहीत.

बटण दाबल्यावर सर्वांत आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम कामाला लागतो. पूर्वी तो बायॉस असे, आता यूईएफआय असतो. सी ड्राइव्हवर फाइली ज्या पद्धतीनं रचलेल्या असतात ती एनटीएफएस पद्धत त्याला सहसा वाचता येत नाही. त्याला समजते ती जुनी, साधी फॅट पद्धत. म्हणून डिस्कवर साधारण १०० ते ३०० एमबीचा फॅट पद्धतीचा एक वेगळा कप्पा असतो आणि त्यात बूट मॅनेजर ठेवलेला असतो. चिपमधला प्रोग्रॅम बूट मॅनेजरला उठवतो, बूट मॅनेजर बीसीडी नावाची एक छोटी नोंद वाचतो आणि त्या नोंदीत सांगितलेल्या ठिकाणाहून विंडोजचा गाभा मेमरीत चढवतो.

ही नोंद 'सी' असं सांगत नाही. सी, डी ही अक्षरं विंडोज पुरतं सुरू झाल्यावर येतात. नोंदीत असतो तो डिस्कचा आणि कप्प्याचा लांबलचक ओळख-क्रमांक, आणि नव्या एसएसडीचा क्रमांक साहजिकच निराळा असतो. आपल्या हौशी माणसानं बूट मॅनेजरचा कप्पा कसाबसा हुडकून तोही कॉपी केला असता, तरी नोंद जुन्याच डिस्ककडे बोट दाखवत राहिली असती.

सी ड्राइव्हच्या आतही गुंता आहेच. विंडोजच्या फोल्डरमध्ये एकच फाइल दोन ठिकाणी दोन नावांनी दिसते, पण डिस्कवर तिची प्रत एकच असते. साध्या कॉपीला हे कळत नाही, ती दोन वेगळ्या फाइली बनवते. कोणत्या फाइलला कोण हात लावू शकतो याचे नियमही त्या वाटेत बदलतात. आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची आणि बसवलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरची मांडणी जिथे नोंदलेली असते ती जागा, चालू विंडोज आपल्या ताब्यात घट्ट धरून ठेवतं. कॉपी करायला गेलं की फाइल वापरात आहे असं सांगून नकार मिळतो.

५१२ बाइट

सुरुवातीचा हा भाग किती छोटा आणि किती नाजूक, याचा अनुभव जगानं १९९० च्या दशकात घेतला. तेव्हाच्या डिस्कवर पहिल्याच ५१२ बाइटांत सगळं मावलेलं असे : ४४६ बाइटांचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, ६४ बाइटांत चार कप्प्यांचा तक्ता आणि शेवटी दोन बाइटांची खूण. याला मास्टर बूट रेकॉर्ड किंवा एमबीआर म्हणतात. १९९१ मध्ये सापडलेला मायकेलअँजेलो हा व्हायरस याच जागेत बसे आणि ६ मार्च उजाडला की डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाके. पुण्यात त्या दशकात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करत होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरसनं बिघडलेली यंत्रं पुन्हा पुन्हा येत. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी त्यावर लिहिलेल्या साधनांतून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. डिस्कच्या या सुरुवातीच्या भागासाठीचा बूट सेक्टर हा शब्द पुण्याच्या दुरुस्तीच्या टेबलांवर तेव्हापासून मुरलेला आहे.

२६ एप्रिल १९९९ ला सीआयएच किंवा चेर्नोबिल या व्हायरसनं डिस्कचा फक्त पहिला एक एमबी शून्यांनी भरून टाकला, आणि जमेल तिथे मदरबोर्डवरचा बायॉसही पुसला. उरलेली सगळी डिस्क, तिच्यावरची पत्रं, हिशेब, जशाच्या तशा होत्या. तरी विंडोज ९५ आणि ९८ ची यंत्रं मृतवत पडली, कारण कुठून सुरुवात करायची हे सांगणारा भागच गेला होता. आजच्या जीपीटी या मांडणीत कप्प्यांच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या टोकाला ठेवलेली असते. पुढचा भाग खराब झाला तर मागची प्रत वाचून तक्ता पुन्हा उभा करता येतो. ही सुधारणा मला फार मोलाची वाटते, पण ती तक्त्यापुरतीच आहे. डिस्कच मेली तर दोन्ही प्रती तिच्याबरोबर जातात.

चालत्या यंत्राची प्रत

म्हणून सिस्टीम ड्राइव्हचा बॅकअप घेणारी साधनं फाइलींच्या पातळीवर काम करत नाहीत. ती डिस्ककडे क्रमांक दिलेल्या छोट्या तुकड्यांची रांग म्हणून पाहतात आणि पहिल्या तुकड्यापासून सगळे कप्पे, त्यांचा तक्ता, ओळख-क्रमांक असं सारं उचलतात. रिकामे तुकडे वगळतात, म्हणून ५०० जीबीच्या डिस्कवर १२० जीबी भरलेले असतील तर प्रत तेवढीच किंवा दाबून त्याहून लहान होते.

पण विंडोज चालू आहे, दर क्षणाला डिस्कवर काहीतरी लिहिलं जातंय, आणि प्रत घ्यायला तासभर लागणार. पहिला तुकडा अकराचा आणि शेवटचा बाराचा अशी प्रत आतून विसंगत होईल. यावरचा तोडगा विंडोज एक्सपीच्या काळात आला. त्याचं नाव व्हॉल्यूम शॅडो कॉपी.

किराणा दुकानात लेखापाल आले आहेत आणि त्यांना सकाळी अकरा वाजताची खातेवही तपासायची आहे, पण दुकान बंद ठेवता येत नाही, अशी कल्पना करा. मालक नियम करतो : अकरानंतर ज्या पानावर नवी नोंद करायची असेल त्या पानाची आधी नक्कल काढून लेखापालांच्या टेबलावर ठेवायची आणि मगच वहीत लिहायचं. लेखापाल पान मागतात तेव्हा नक्कल असेल तर नक्कल पाहतात, नसेल तर मूळ वही. त्यांना सगळीकडे अकराचाच हिशेब दिसतो आणि गिऱ्हाइकं खोळंबत नाहीत. शॅडो कॉपी हेच करते. ठरल्या क्षणी डिस्कवरचं लिखाण काही सेकंद थांबवते, आणि त्यानंतर जो तुकडा बदलणार असेल त्याचा जुना मजकूर आधी बाजूला ठेवते. बॅकअपचं साधन त्या एका क्षणाचं चित्र निवांत उतरवून घेतं.

या व्यवस्थेशी जोडून घेतलेलं सॉफ्टवेअर त्या क्षणी आपली अर्धवट कामं पुरी करून डिस्कवर उतरवतं. जोडून न घेतलेलं तसं करत नाही. त्यामुळे हिशेबाचं किंवा दवाखान्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर प्रत घेण्यापूर्वी बंद करावं, आणि त्याच्या स्वतःच्या मेनूतला बॅकअपही वेगळा घ्यावा.

दुसरा मार्ग म्हणजे विंडोज चालूच न करता प्रत घेणं. तैवानमधल्या एनसीएचसी या राष्ट्रीय संगणन केंद्रात तयार झालेलं क्लोनझिला हे मोफत साधन पेन ड्राइव्हवरून स्वतः सुरू होतं, त्या वेळी डिस्कवरचं विंडोज झोपलेलं असतं. त्याचे पडदे रुक्ष आहेत आणि उगमाची डिस्क कोणती, लक्ष्याची कोणती हे नीट वाचलं नाही तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. डिस्कच्या आकारावरून आणि कंपनीच्या नावावरून दोनदा खात्री केल्याशिवाय होकाराची कळ दाबू नये. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' या नावाखाली सिस्टीम इमेजची सोय अजून आहे, पण २०१७ मध्येच मायक्रोसॉफ्टनं तिचा विकास थांबवल्याचं जाहीर केलं. तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

क्लोन आणि इमेज

एका डिस्कवरून थेट दुसऱ्या डिस्कवर उतरवलेली प्रत म्हणजे क्लोन. ती बसवली की यंत्र लगेच सुरू होतं, म्हणून हार्ड डिस्क काढून एसएसडी घालताना हाच मार्ग योग्य. मात्र क्लोनचा ओळख-क्रमांकही मूळ डिस्कचाच असतो. दोन्ही एकाच वेळी जोडल्या तर विंडोज गोंधळतं आणि एकीला बाजूला ठेवतं. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी.

इमेज म्हणजे तीच सगळी डिस्क एका मोठ्या फाइलीत बांधलेली. ती लगेच चालत नाही, आधी एखाद्या डिस्कवर उलगडावी लागते. पण एकाच बाहेरच्या डिस्कवर जानेवारीची, एप्रिलची, जुलैची अशा इमेज शेजारी-शेजारी ठेवता येतात, आणि बिघाड जुलैतच शिरलेला असेल तर एप्रिलकडे जाता येतं. नियमित बॅकअपसाठी मी इमेजच्याच बाजूनं आहे.

दर वेळी पूर्ण इमेज घेतली तर जागा फार लागते, म्हणून पुढच्या वेळी फक्त बदललेले तुकडे घेतात. त्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत प्रत्येक नवी प्रत मागच्या प्रतीनंतरचा बदल ठेवते. ती अगदी लहान होते, पण परत आणताना पहिल्या पूर्ण प्रतीपासून शेवटच्यापर्यंत सगळ्या लागतात आणि मधली एक खराब झाली तर पुढच्या निकामी होतात. दुसरीत प्रत्येक नवी प्रत पहिल्या पूर्ण इमेजनंतरचा सगळा बदल ठेवते. ती मोठी होत जाते, पण परत आणायला दोनच फाइली पुरतात. घरच्या आणि छोट्या कार्यालयाच्या कामाला दुसरी पद्धत बरी.

> चौकट : कशानं काय परत येतं?
>
> फाइलींची कॉपी : कागदपत्रं आणि फोटो परत येतात. विंडोज, सॉफ्टवेअर, फॉन्ट, ड्रायव्हर येत नाहीत.
>
> वन ड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह : निवडलेल्या फोल्डरची जुळती प्रत. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, कचरापेटीत असेपर्यंतच परत मिळतं.
>
> सिस्टीम रिस्टोअर : रजिस्ट्री आणि सिस्टीमच्या फाइली मागच्या स्थितीत नेतं. साठा त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही जातो.
>
> इमेज किंवा क्लोन : सगळे कप्पे, विंडोज, सॉफ्टवेअर आणि फाइली, प्रत घेतली त्या क्षणी जशा होत्या तशा.

न्हावा-शेवा, जून २०१७

उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू (न्हावा-शेवा) बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया हा कंटेनर धक्का डेन्मार्कच्या मर्स्क समूहातल्या एपीएम टर्मिनल्सकडे आहे. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेब सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम सुटला आणि मर्स्कच्या जाळ्यातून काही तासांत जगभर पसरला. न्हावा-शेव्याच्या या धक्क्याचं संगणकीय काम थांबलं आणि कंटेनरची नोंद हातानं करण्याची वेळ आली.

नॉटपेट्याचा घाव सिस्टीम ड्राइव्हच्या मर्मावर होता. सुरुवातीचा बूट रेकॉर्ड बदलायचा, यंत्र पुन्हा सुरू करायला लावायचं, पडद्यावर डिस्कची तपासणी चालू असल्याचा देखावा करायचा आणि त्या वेळात एनटीएफएसमधला फाइलींचा मुख्य तक्ता कुलूपबंद करायचा. खंडणी मागितली जात होती, पण पैसे भरूनही कुलूप उघडण्याची सोय त्यात नव्हतीच.

मर्स्ककडे बहुतेक सर्व्हरच्या डेटाचे बॅकअप होते. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. कोणता कर्मचारी, कोणतं यंत्र, कुणाला कुठे प्रवेश, ही ओळख सांभाळणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. ते एकमेकांशी सतत जुळवून घेत, त्यामुळे एक पडला तर दुसरा आहे असं गृहीत धरलं होतं. सगळे एकदम पडतील असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. ते सर्व्हर नव्यानं उभे करता येईनात, आणि त्यांच्याविना बाकीचा डेटा असून वापरता येईना. अखेर घाना देशातल्या कार्यालयात एक सर्व्हर सुस्थितीत सापडला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. ती डिस्क माणसाच्या हाती विमानानं इंग्लंडला नेली गेली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केल्याचं मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढच्या जानेवारीत दाव्होसला सांगितलं.

जुळती प्रत आणि बॅकअप यांतला फरक याहून स्पष्ट करणारी घटना मला माहीत नाही. दोन डिस्क एकमेकींचं प्रतिबिंब ठेवतात अशी व्यवस्था अनेक कार्यालयांत असते आणि तिलाच बॅकअप समजलं जातं. एक डिस्क मेली तर ती व्यवस्था काम वाचवते. चुकीचं किंवा घातक काही लिहिलं गेलं तर ते दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी उतरतं.

प्रत कुठे ठेवायची

प्रत यंत्रापासून तुटलेली हवी. खंडणीखोर प्रोग्रॅम यंत्राला जोडलेल्या प्रत्येक डिस्कवर जातात, आणि त्यांतले अनेक आधी शॅडो कॉपी पुसतात. बॅकअपची डिस्क कायम जोडून ठेवणं सोयीचं असतं, पण तीच सोय हल्लेखोरालाही मिळते. इमेज घेऊन झाली की केबल काढावी.

प्रत दूरही हवी. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या घरांत जे कागद होते ते सगळे एकाच पाण्यात गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं काठच्या वस्त्यांत, आणि २५ जुलै २०२४ ला मुठेच्या पाण्यानं सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले भरले. अशा तळमजल्यावर संगणक टेबलाखाली आणि बॅकअपची डिस्क टेबलाच्या खणात असेल, तर दोन प्रती असून एकही उरत नाही. एक डिस्क शहराच्या दुसऱ्या टोकाला नातेवाइकांकडे, उंच जागी ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम हेच मागतो : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या ठिकाणी.

कपाटात महिनोन्महिने पडून राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडीपेक्षा साधी हार्ड डिस्क घ्यावी. एसएसडी माहिती विद्युतभाराच्या रूपात धरून ठेवते आणि वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडी झिजून आयुष्याच्या शेवटाला आली असेल, तर विजेविना ३० अंश सेल्सिअसला तिनं एक वर्ष माहिती टिकवावी एवढीच उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. एप्रिल-मेमधलं पुण्यातलं बंद घर त्याहून पुष्कळ तापतं.

परत आणताना

डिस्क गेलेल्या यंत्रावर इमेज उलगडायची तर ते यंत्र आधी दुसऱ्या कशावरून तरी सुरू व्हायला हवं. त्यासाठी बॅकअपचं साधन स्वतःच एक बूटेबल पेन ड्राइव्ह बनवून देतं. तो पहिल्याच दिवशी बनवावा, आणि त्यावरून यंत्र सुरू होतं का, त्याला बाहेरची डिस्क आणि आतली एसएसडी दोन्ही दिसतात का, हे पाहून ठेवावं. नव्या लॅपटॉपवर एसएसडी दिसत नाही असं बऱ्याचदा घडतं, कारण तिच्या नियंत्रकाचा ड्रायव्हर त्या पेन ड्राइव्हवर नसतो. शांतपणे शोधला तर तो अर्ध्या तासात सापडतो. रिटर्न भरण्याच्या शेवटच्या दिवशी मात्र तेवढी उसंत नसते.

दुसरी अडचण कुलपाची. विंडोज ११ च्या अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं प्रवेश केला की डिस्क आपोआप बिटलॉकरच्या पद्धतीनं कुलूपबंद होते, मालकाला पत्ताही नसतो. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली किंवा मदरबोर्ड बदलला की ४८ अंकी किल्ली मागितली जाते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली आणि आपल्याकडच्या काही विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहावे लागले. तेव्हा उपाय सोपा होता : दुरुस्तीच्या पडद्यातून आत जाऊन एक फाइल पुसायची. अनेक कार्यालयं तिथे पोचण्याआधीच अडली, कारण किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या तोही निळाच होता. किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. ती कागदावर उतरवून बॅकअपच्या डिस्कपासून वेगळी ठेवावी. आणि विंडोज चालू असताना घेतलेल्या इमेजमध्ये मजकूर कुलपाविना उतरतो, म्हणून इमेजला स्वतंत्र पासवर्ड द्यावा.

इमेज वेगळ्याच यंत्रावर उलगडली तर विंडोज बहुधा सुरू होतं, पण दर वेळी नाही. डिस्कचा नियंत्रक निराळा असेल तर सुरुवातीलाच निळा पडदा येतो. बॅकअपच्या चांगल्या साधनांत यासाठी ड्रायव्हर घालण्याची सोय असते. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असल्यानं तो पुन्हा सिद्ध करावा लागू शकतो. पेजमेकर-श्रीलिपीचं जुनं यंत्र सांभाळणाऱ्यांनी आणखी एक पाहावं : नव्या यंत्रावर त्या लॉकसाठी योग्य पोर्ट आहे का आणि त्याचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालतो का. चालत नसेल तर जुन्याच प्रकारचं एक वापरलेलं यंत्र घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

हे सगळं तपासण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे. मूळ डिस्कएवढी एक दुसरी, स्वस्तातली एसएसडी आणावी. मूळ डिस्क काढून बाजूला ठेवावी, नवी बसवावी आणि पेन ड्राइव्हवरून सुरू करून इमेज तिच्यावर उलगडावी. विंडोज उघडलं की प्रिंटरवर एक पान छापावं, डिजिटल सहीनं एक कागद सही करून पाहावा, श्रीलिपीतली एक जुनी फाइल उघडावी. किती वेळ लागला तो लिहून ठेवावा, आणि इमेज कुठे आहे, पेन ड्राइव्ह कुठे आहे, किल्लीचा कागद कुठे आहे हे घरातल्या किंवा कार्यालयातल्या आणखी एका माणसाला दाखवून ठेवावं.